बांधकामाचे नियम आणि जाणती माणसे



पुण्याच्या बुधवार पेठेत आमच्या ओळखीचा एक वाडा आहे. दिंडी दरवाजा, आत फरसबंदी चौक, चौकाच्या चारी अंगांनी सागवानी खांबांची रांग, वर कडीपाटाचा मजला आणि त्यावर कौले. वाड्याच्या मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या. पेठेतली लहानथोर सारी माणसे त्यांना काकू म्हणतात. एका पावसाळ्याच्या तोंडी वाड्याच्या मागच्या भिंतीला तडा गेला, म्हणून काकूंनी एका अभियंत्याला बोलावून आणले. त्यांनी भिंती मोजल्या, विटा मातीत बांधलेल्या आहेत हे पाहिले, आकडेमोड केली आणि सांगितले, "नियमाप्रमाणे ह्या भिंती हा भार घेऊ शकत नाहीत. वाडा उतरवून घ्या."

काकूंना रात्रभर झोप लागली नाही. वाड्यात चार बिऱ्हाडे. उतरवायचा म्हणजे त्यांनी जायचे कुठे, आणि गेल्यावर परत येणार कधी? त्यांनी दुसरे अभियंते बोलावले. हे गृहस्थ तासभर नुसते हिंडत राहिले. प्रत्येक खांब हातोडीने ठोकून आवाज ऐकला. तुळयांची भिंतीत गेलेली टोके दाभणाने टोचून पाहिली. मग म्हणाले, "काकू, हा भार भिंती घेतच नाहीत, खांब घेतात. भिंत म्हणजे नुसता पडदा. तीन तुळयांची टोके कुजली आहेत, ती बदलू. खांब आणि तुळया लोखंडी पट्ट्यांनी जखडू. मागची भिंत नवी बांधू. वाडा उभा राहील."

एकच वाडा, दोघांच्या हातात एकाच नियमांच्या पुस्तिका, आणि उत्तरे दोन! काकू मला म्हणाल्या, "तू कॉलेजात शिकवतोस ना? मग मला एवढंच सांग, हे नियम करतं कोण? आणि करणाऱ्यानं असला वाडा कधी आतून पाहिलाय का?"

मी एम. ए. झालेला माणूस. पायाच्या खोदाईतले मला काही कळत नाही. पण प्रश्न असा होता की तो टाळता येईना. नियम कोण करतो हा प्रश्न जितका अभियंत्यांचा, तितकाच नियमाखाली राहणाऱ्यांचा. म्हणून मी त्याच्या मागे लागलो. जे हाती आले ते आज आपल्यापुढे मांडतो.

आपण बाजारात कुकर घेतो, विजेची तार घेतो, सिमेंटचे पोते घेतो, तेव्हा त्यावर एक शिक्का पाहतो. तो शिक्का देणारी संस्था १९४७ च्या जानेवारीत, म्हणजे स्वातंत्र्याच्या काही महिने आधी, 'भारतीय मानक संस्था' ह्या नावाने निघाली. पुढे १९८६ साली कायदा झाला आणि १९८७ पासून ती 'भारतीय मानक ब्यूरो' झाली. मानक म्हणजे सर्वांनी मिळून ठरवलेले माप. पहिल्या क्रमांकाचे भारतीय मानक कशाचे आहे, ठाऊक आहे? आपल्या राष्ट्रध्वजाचे. कापड कसले, रंग कोणता, मापे किती, हे त्यात ठरवून दिले आहे. शाळेतल्या मुलांना हे जरूर सांगावे, असे मी शिक्षकबंधूंना व भगिनींना सुचवतो.

ह्याच संस्थेने घरांचे नियमही लिहिले. काँक्रीटच्या बांधकामाची संहिता प्रथम १९५३ साली निघाली. तिची उजळणी १९५७, १९६४, १९७८ आणि २००० साली झाली. पोलादी बांधकामाची वेगळी, विटांच्या भिंतींची वेगळी, लाकडाची वेगळी, वाऱ्याच्या जोराची वेगळी, भूकंपाची वेगळी. तुमच्या गावच्या शाळेचा स्लॅब किती जाड असावा, पाण्याच्या टाकीच्या खांबात सळई किती घालावी, हे शेवटी ह्या पुस्तिकांवरून ठरते. ह्या पुस्तिका अलीकडे ब्यूरोकडून विनामूल्य वाचायला मिळतात, ही चांगली गोष्ट झाली. कोणी एखादी उघडलीच, तर शेवटची पाने जरूर पाहावीत. तिथे पुष्कळदा समितीच्या सभासदांची यादी छापलेली असते. काकूंच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्या यादीत आहे.

प्रत्येक विषयाला एक समिती असते. तीत सरकारी खाती असतात, संशोधन संस्था आणि अभियांत्रिकी विद्यालये असतात, माल तयार करणारे कारखानदार असतात, तो वापरणारे असतात, आणि काही जण आपापल्या अनुभवाच्या बळावर व्यक्तिशः घेतलेले असतात. मसुदा तयार झाला म्हणजे तो ठराविक मुदतीसाठी सर्वांपुढे ठेवतात, सूचना मागवतात, आलेल्या सूचनांचा विचार करतात आणि मग एकमताकडे जाण्याचा यत्न करतात. हात वर करून बहुमताने तुळईची जाडी ठरवत नाहीत, हे बरेच आहे. आणि दर पाच वर्षांनी तरी प्रत्येक मानकाकडे पुन्हा वळून पाहायचे, अशी पद्धत आहे.

आता कोणी म्हणेल, एकदा नियम नीट लिहिला की पुन्हा पुन्हा उकरायचा कशाला? गुरुत्वाकर्षण काही दर पाच वर्षांनी बदलत नाही! खरे आहे. गुरुत्वाकर्षण बदलत नाही, पण आपले अज्ञान थोडे थोडे कमी होते. आणि ते कमी होण्याची किंमत महाराष्ट्राने फार जबर दिली आहे.

भूकंपाची भारतीय संहिता प्रथम १९६२ साली निघाली. तीत देशाचे शून्यापासून सहापर्यंत असे सात भाग पाडले होते. शून्य म्हणजे जिथे भूकंपाची काळजी करायला नको. आपल्या दख्खनच्या पठाराचा मोठा भाग ह्या निर्धास्त रंगात होता. त्या वेळच्या विद्वानांना दोष देण्याचे कारण नाही. हा विषयच आपल्याकडे नवा होता. रुरकीला प्रा. जयकृष्ण यांच्या पुढाकाराने भूकंप अभियांत्रिकीचे केंद्र निघाले तेच मुळी १९६० साली. जी माहिती हाती होती, तीवरून त्यांनी नकाशा रेखला.

मग ११ डिसेंबर १९६७ ची पहाट उजाडली. कोयनानगरची जमीन हादरली. दोनशेच्या आसपास माणसे दगावली, हजारो घरे पडली, आणि १०३ मीटर उंचीच्या कोयना धरणाच्या भिंतीला भेगा गेल्या. धरणाच्या आखणीत भूकंपाचा आडवा धक्का धरला होता तो वजनाच्या विसाव्या हिश्शाइतका. तिथल्या यंत्रावर प्रत्यक्षात नोंद झाली ती वजनाच्या निम्म्याच्या आसपास. धरण उभे राहिले हे महाराष्ट्राचे भाग्य, आणि बांधणाऱ्यांच्या हाताचे यश. त्याला पुढे मागून टेकू देऊन बळकटी आणली. १९७० साली संहितेची उजळणी झाली, तेव्हा नकाशातले शून्य कायमचे पुसले गेले. 'इथे भूकंप होणारच नाही' असे म्हणण्याचा अधिकार माणसाला नाही, एवढे ज्ञान आपण त्या पहाटे विकत घेतले.

तरीही धडा पुरा झाला नव्हता. नव्या नकाशात सर्वांत कमी धोक्याचा पहिला भाग होता, आणि लातूर-उस्मानाबादचा मुलूख त्यात बसत होता. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होऊन गेली होती. गणपती बोळवून माणसे गाढ झोपली होती. पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना किल्लारी आणि आसपासची गावे बसली. आठ हजारांच्या घरात माणसे गेली. भूकंपाची तीव्रता मोजपट्टीवर सहाच्या थोडी वर, म्हणजे जगाच्या हिशेबात मध्यम. मग एवढी माणसे गेली कशाने?

श्रोतेहो, ती भूकंपाने नव्हे, भिंतींनी मारली. मराठवाड्यातले जुने घर आपण पाहिले असेल. दोन-दोन, अडीच-अडीच फूट रुंद दगडी भिंत. बाहेरून पाहावे तर किल्ल्यासारखी. पण ती एक भिंत नसते. आत एक थर, बाहेर एक थर, आणि मध्ये खडे-मातीची भर. दोन्ही थरांना एकमेकांशी धरून ठेवणारे काही नाही. वर उन्हापासून बचाव म्हणून मातीचे जाडजूड माळवद, आणि दर काही वर्षांनी त्यावर पडणारी मातीची आणखी एक पाटी. जमीन हलली की दोन्ही थर फाकतात, मधली भर ढासळते, आणि वरची सगळी माती झोपलेल्या माणसावर येते. उलट, लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा जिथे धड होता तिथे काही ठिकाणी असे दिसले की भिंती पडल्या, पण माळवद खांबांवर तरून राहिले.

ह्यावरचा उपाय अगदी साधा आहे. भिंत चढवताना दर दोन फूट उंचीला, आणि आडव्या अंगाने चार-चार फुटांच्या आत, भिंतीच्या ह्या तोंडापासून त्या तोंडापर्यंत आरपार जाणारा एकेक दगड घालायचा. जोत्यावर, दारा-खिडक्यांच्या माथ्यावर आणि छपराखाली घराभोवती न तुटणारा एक आडवा पट्टा फिरवायचा. कमरेला करगोटा बांधावा तसा. कमी ताकदीच्या दगड-विटांच्या घरांसाठी आणि मातीच्या घरांसाठी ह्या सूचना सांगणारी दोन मानके १९९३ ह्याच सालची आहेत. म्हणजे दिल्लीच्या कपाटात ज्ञान येत होते. किल्लारीच्या गवंड्यापर्यंत ते पोचायचे होते. २००२ साली नकाशा पुन्हा बदलला. पहिला भाग रद्द झाला, दुसऱ्यापासून पाचव्यापर्यंत चारच उरले आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्यात गेला. त्याच नकाशात आपले पुणेही तिसऱ्यात आहे.

मधल्या काळात २६ जानेवारी २००१ रोजी कच्छचा भूकंप झाला होता. त्याने दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादेत काँक्रीटच्या नव्याकोऱ्या इमारती बसवल्या. त्यांतल्या पुष्कळांचा खालचा मजला मोटारी ठेवण्यासाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता. २००२ च्या संहितेत अशा मोकळ्या मजल्याचे खांब व तुळया अडीचपट बळाच्या हिशेबाने कराव्यात अशी तरतूद आली. म्हणजे पाहा, प्रत्येक उजळणीच्या मागे एक पहाट आहे, एक सकाळ आहे, आणि परत न उठलेली माणसे आहेत. नियमाचे कलम कोरडे दिसते. त्याची शाई कोरडी नसते.

मग प्रश्न असा उभा राहतो, की पुढची उजळणी अशाच एखाद्या पहाटेची वाट पाहात थांबणार, की त्याआधीच जाणती माणसे एकत्र बसून ती करणार? आणि आधी करायची तर ही जाणती माणसे आणायची कुठून?

महाराष्ट्रात जाणत्यांचा दुष्काळ आहे असे कोणी म्हणणार नाही. पुण्यात स्थापत्याचे शिक्षण १८५४ साली सुरू झाले. विश्वेश्वरय्यांसारखा अभियंता त्या विद्यालयात शिकला. पाण्याच्या आणि धरणांच्या प्रश्नांवर काम करणारे, १९१६ साली निघालेले केंद्र खडकवासल्याला आहे. नाशिकला १९५९ पासून अभियांत्रिकी संशोधनाची संस्था आहे. जिल्ह्या-जिल्ह्यांत बांधकाम खात्याचे लोक आहेत. पुणे-मुंबईत खाजगी आराखडे करणारे पट्टीचे लोक आहेत. एवढे असून समितीवर बसायला माणूस शोधावा लागतो. का?

मी ह्या क्षेत्रातल्या काही परिचितांशी बोललो. त्यांची कारणे ऐकण्यासारखी आहेत. एक म्हणाले, "ह्या कामाला पगार नाही. एक मसुदा नीट वाचायचा तर आठ रात्री जातात. त्या आठ रात्रींत मी एका इमारतीचा हिशेब पुरा करतो." दुसरे प्राध्यापक आहेत. ते म्हणाले, "मी परदेशी नियतकालिकात लेख लिहिला तर बढतीच्या वेळी तो मोजतात. नियमातली एक चूक काढून शंभर शाळा वाचवल्या तर ती मोजायला रकाना नाही." तिसरे सरकारी नोकरीत आहेत. ते म्हणाले, "मी बैठकीला जातो, पण माझी बदली झाली की माझ्या जागी दुसरे जातात. त्यांना मागचे काहीच ठाऊक नसते." आणि चौथे जे म्हणाले ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले. ते म्हणाले, "अहो, मला बोलावलंय कुणी? मी चाळीस वर्षं जुनी घरं सावरतोय. पण मी तज्ज्ञ आहे हे मला कोणी सांगितलंच नाही."

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. समितीतली खुर्ची रिकामी राहिली, तर ती फार दिवस रिकामी राहात नाही. ज्याला वेळ आहे आणि ज्याचा माल विकला जायचा आहे, तो तिथे येऊन बसतो. कारखानदार समितीत नसावा असे माझे म्हणणे नाही. सिमेंट कसे वागते हे सिमेंटवाल्याइतके कोणाला कळणार? पण पंक्तीत वाढणारे सगळे एकाच घरचे असले, म्हणजे पानात काय पडणार हे सांगायला नको. म्हणून विकणारा हवा तसा वापरणारा हवा, शिकवणारा हवा तसा उन्हात उभे राहून बांधून घेणाराही हवा.

माझ्या अल्प समजुतीप्रमाणे अशा कामाला चार प्रकारची जाण लागते. पहिली शास्त्रज्ञाची. जमीन का हलते, लोखंड कशाने ताणते, हे त्याला ठाऊक. दुसरी आराखडा करणाऱ्याची. कलम वाचून पन्नास जण पन्नास अर्थ काढतील की एकच, हे त्याला कळते. काकूंच्या वाड्यात झाले ते नेमके हेच. तिसरी पडलेले पाहिलेल्याची, म्हणजे महापालिकेचा, जिल्हा परिषदेचा तो अभियंता, जो ढिगाऱ्यावर उभा राहिलेला असतो. कोणता सांधा आधी सुटतो, हे त्याने डोळ्यांनी पाहिलेले असते. आणि चौथी हाताची जाण, म्हणजे गवंड्याची, सुताराची.

ह्या चौथ्या जाणेचे एक उदाहरण देतो. आरपार दगड घालावा हे शास्त्रज्ञाने सांगितले. तो का घातला जात नाही, हे गवंडी सांगेल. दोन-दोन फूट लांबीचा दगड खाणीत सहज मिळत नाही. मिळाला तर घडवायला मजुरी जास्त, आणि उचलायला दोन माणसे लागतात. मालक मजुरी देतो ती भिंतीच्या लांबी-उंचीवर. भिंतीच्या पोटात काय आहे ते त्याला दिसत नाही. मग गवंड्याने तो दगड घालावा कशासाठी? ही अडचण समितीपर्यंत पोचली तर दुसरा मार्ग निघतो. लांब दगड नसेल तर त्या जागी सळईचा तुकडा घालून काँक्रीटचा ठोकळा ओतता येतो, आणि असा पर्याय मानकानेही मान्य केला आहे. अडचण पोचलीच नाही, तर नियम पुस्तकात शहाणा राहतो आणि भिंत बाहेर वेडीच राहते.

ह्याच ओघात एक धोका सांगितला पाहिजे. नियम जितका कडक तितकी माणसे सुरक्षित, असा आपला समज असतो. तो पुरता खरा नाही. ज्याच्याजवळ दोन खोल्यांपुरते पैसे आहेत, त्याला चार खोल्यांचा खर्च येईल असा नियम दिला, तर तो नियम मोडून घर बांधतो असेही नाही. तो नियमाकडे पाहातच नाही. मग जो थोडासा फायदा होणार होता, तोही बुडतो. ढिला नियम माणसे मारतो, आणि न परवडणारा नियमही मारतो. ह्या दोन्हींच्या मधली वाट काढायला केवळ विद्वत्ता पुरत नाही. त्या माणसाच्या खिशाची माहिती असलेला कोणी तरी त्या टेबलाशी असावा लागतो.

आता म्हणाल, गवंडी दिल्लीला जाऊन इंग्रजी मसुद्यावर काय बोलणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच मधली माणसे पाहिजेत. जिल्ह्याच्या ठिकाणचे अभियंते, तंत्रनिकेतनातले अध्यापक, आणि हो, भाषेचे शिक्षकसुद्धा! गवंड्याने 'भिंतीनं पोट काढलं' म्हटले तर अभियंत्याच्या भाषेत त्याचा अर्थ काय, आणि संहितेतले कलम गवंड्याच्या भाषेत कसे सांगायचे, हे दोन्ही बाजूंचे दुभाषेपण कमी मोलाचे नाही. भिंतीला पोट येणे म्हणजेच ते दोन थर फाकू लागणे. गवंड्याला ते माहीत होते. नुसते नाव वेगळे होते.

मग करायचे काय? मोठमोठ्या योजना सांगण्याचा माझा अधिकार नाही. पण चार साध्या गोष्टी सुचतात.

पहिली विद्यालयांसाठी. समितीवर केलेले काम हे संशोधनाइतकेच काम माना. अध्यापकाच्या सेवापुस्तिकेत त्याची नोंद होऊ द्या. रकाना नसेल तर आखा. रकाना आखायला सिमेंट लागत नाही.

दुसरी खात्यांसाठी. एकदा माणूस समितीवर पाठवला की निदान एक उजळणी पुरी होईपर्यंत तोच पाठवा. बदली झाली तरी त्याच्या गाठीची माहिती बरोबर जाऊ द्या.

तिसरी स्वतः जाणत्यांसाठी, विशेषतः निवृत्त झालेल्यांसाठी. आपणांस वेळ आहे, आणि आता कोणाची मर्जी राखायची नाही. समितीत व्यक्तिशः तज्ज्ञ म्हणूनही नाव देता येते. पुण्यातच ब्यूरोची शाखा आहे, तिथे चौकशी करावी. सभासद व्हायचे नसेल तर मसुदा सूचनांसाठी खुला होतो तेव्हा दोन पाने लिहावीत. 'कलम अमुक, अडचण अशी, मी पाहिले ते असे, बदल असा हवा' एवढ्या चार ओळींनीसुद्धा काम होते. निबंध लागत नाही.

चौथी शिक्षकांसाठी. पुष्कळ शाळांत ब्यूरोच्या पुढाकाराने स्टँडर्ड्स क्लब निघाले आहेत आणि विज्ञानाचे शिक्षक ते चालवतात. तिथे मुलांना शिक्के ओळखायला शिकवतात, ते ठीकच आहे. त्याबरोबर एक काम आणखी द्यावे. मुलांनी आपापल्या घराची भिंत मोजावी. ती कशाची आहे, कशात बांधली आहे, छपराखाली पट्टा आहे की नाही, पोट आले आहे का, हे वहीत लिहावे. गावातल्या सर्वांत म्हाताऱ्या गवंड्याला शाळेत बोलवावे आणि विचारावे, 'बाबा, तुम्ही बांधलेलं कोणतं घर पडलं आणि कोणतं टिकलं? का?' अशी पन्नास गावांची वही जमली तर ती कुठल्याही समितीने आदराने वाचावी अशी होईल. आणि त्या मुलांतूनच उद्याचा कोणी तरी त्या टेबलाशी बसेल.

श्रोतेहो, पुन्हा बुधवार पेठेत येऊ. ही पेठ अशा गोष्टींना पारखी नाही. पेठेला ज्याच्यामुळे मान होता तो बुधवार वाडा १८७९ साली आगीत गेला. मुलींची शाळा १८४८ साली ज्या भिडे वाड्यात भरली, तो जीर्ण होत होत शेवटी २०२३ साली उतरवावा लागला, तिथे स्मारक व्हायचे म्हणून. १९६१ च्या पानशेतच्या पुरात नदीकाठच्या पेठांतली मातीत बांधलेली घरे पाण्यात विरघळावी तशी बसली. जे जाते ते पुन्हा बांधता येत नाही. म्हणून पाडायचे की सावरायचे हा निर्णय पुरत्या माहितीने व्हायला हवा, एवढेच म्हणणे आहे. जो वाडा खरोखरच धोक्याचा आहे तो भावनेपोटी उभा ठेवू नये. त्याखाली माणसे राहतात.

काकूंच्या वाड्यातल्या त्या दुसऱ्या अभियंत्यांना मी विचारले, "तुमच्या दोघांची उत्तरे वेगळी आली, ती का?" ते म्हणाले, "पुस्तकात लाकडाच्या ताकदीची कोष्टके आहेत. पण दीडशे वर्षं भार सोसलेल्या ह्या सागाचा आकडा त्यांत नाही. तो ज्यानं त्यानं आपल्या अंदाजानं धरायचा. पहिल्या साहेबांनी धोका नको म्हणून खांब हिशेबातच घेतले नाहीत. ते चुकले असं मी म्हणणार नाही. मी घेतले, कारण मी असे वाडे पुष्कळ उघडून पाहिलेत." मी म्हटले, "मग हे तुम्ही लिहून का कळवत नाही?" ते हसले. "कोण वाचणार हो?"

काकू बाजूलाच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाचणं त्यांच्याकडं. लिहिणं तुमच्याकडं. तुम्ही तुमचं करा."

त्या गृहस्थांनी मग लिहिले. आजवर उघडून पाहिलेल्या वाड्यांच्या टिपणवह्या त्यांच्यापाशी होत्या. खांबांची मापे, तळखड्यांची स्थिती, तुळयांची टोके कुठे कुजतात आणि कुठे नाही, असे सगळे त्यांनी पंधरवडाभर बसून मांडले. मराठीतले काही शब्द इंग्रजीत नेताना त्यांनी मला बोलावले, एवढाच माझा त्यात वाटा. ते टिपण रवाना झाले आहे. त्याचे पुढे काय होईल ते आज सांगता येत नाही. संहितेचे काम सावकाश चालते, आणि ते सावकाशच चालावे. वाड्याच्या तीन तुळयांची टोके मात्र बदलून झाली आहेत, मागची भिंत चुन्यात नवी उभी राहिली आहे, आणि चारही बिऱ्हाडे वाड्यातच आहेत.

आपल्या गावातही असा कोणी असेल. ज्याने पुष्कळ पाहिले आहे आणि ज्याला कोणी विचारलेले नाही. त्याला विचारा, आणि तो जे सांगेल ते लिहून घ्या.